कनातीआडच्या बाई

मित्रांनो, मी एक जुनी कनात आहे, असे म्हटले तर तुमच्यातले निम्मे जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. म्हणून आधी तेच सांगते. तंबूला डोक्यावर छत असते, तसे चारी बाजूंना अंगही असते. आतल्यांना वारा लागू नये आणि बाहेरच्यांना आतले दिसू नये म्हणून जे जाड कापड उभे करतात, त्याला कनात म्हणतात. छताकडे लोक मान वर करून बघतात. कनातीला नुसते टेकतात, हात पुसतात, नाहीतर भोक पाडून डोळा लावतात.

एका लांबट शेडमध्ये मला शिवले. माझा रंग तेव्हा सायीसारखा होता. मला शिवणारी बाई तोंडात दोरा धरून पुटपुटायची, "दुहेरी शीव घालायची बाई, वारा काही ओळखदेख ठेवत नाही." तिने माझ्या काठाला पितळी डोळे ठोकले, दोरी ओवायला. तेवढेच माझे डोळे. पुढे जे काही पाहिले ते त्यांतूनच.

तरुणपणी मी खूप फिरले. शाळांची संमेलने पाहिली, फुलांची प्रदर्शने पाहिली, डोळे तपासण्याची शिबिरे पाहिली. एकदा एका फुटबॉल क्लबात कुणाच्या तरी सत्कारासाठी मला उभे केले आणि वादळ आले. खांबाशी माझी शीव उसवली. तंबूवाल्याने मला हाताने चाचपले आणि म्हणाला, "ही आता कामाची नाही." मला तिथेच टाकून तो गेला. कामाची नाही, हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. तेच वाक्य पुढे मी एका माणसाबद्दल ऐकणार होते.

क्लबाच्या कोठीत चुन्याच्या गोण्या आणि गवत कापायचे यंत्र यांच्यामध्ये मी बरेच दिवस पडून होते. पुरुषांचा संघ होता तो, पगारी खेळाडूंचा, वरच्या गटात खेळणारा. मग एका हंगामाच्या मध्यावर त्यांच्या मुख्य प्रशिक्षकांना छातीचे दुखणे लागले. त्यांच्या जागी यायला कुणी पुरुष तयार होईना, कारण संघ हरत होता आणि हरणाऱ्या संघाला हात लावून स्वतःचे नाव कोण खराब करून घेईल? तेव्हा क्लबाच्या लहान मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंना बोलावले. त्या स्वतः चांगल्या खेळलेल्या होत्या. गुडघा गेला म्हणून थांबलेल्या. त्यांना सांगितले, तात्पुरते सांभाळा. सगळे त्यांना नुसते बाई म्हणत. मीही तेच म्हणते.

पहिल्या सामन्याच्या मध्यंतराला बाई खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि दार वाजवले. आतून आवाज आला, "थांबा हं, कपडे बदलतोय." बाई थांबल्या. मध्यंतर संपेपर्यंत दार उघडले नाही. उघडले ते खेळाडूंनी मैदानावर जायला.

क्लबाचा कारभार बघणारे एक व्यवस्थापक होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. बाईंनी त्यांना गाठले.

"अहो बाई, आत पुरुष उघडेबागडे असतात," साहेब म्हणाले.

"मला त्यांच्या कपड्यांशी काय करायचंय? पाय कुठे पडतात ते सांगायचंय."

"ते खरं हो. पण लोक काय म्हणतील?"

या एका प्रश्नापायी मला कोठीतून बाहेर काढले. क्लबाचे कपडे धुणाऱ्या मावशींनी मला दगडावर आपटून धुतले. "एवढं जाड अंग," त्या म्हणाल्या, "हिला साबण लावू की रंधा मारू?" खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तार बांधली आणि मला तिच्यावर ओवले. मोठा भाग खेळाडूंचा: बाक, खुंट्या, नळ. दाराकडची अरुंद पट्टी बाईंची: एक स्टूल आणि डोक्यावर एक दिवा. बाईंनी माझ्या अलीकडून बोलायचे आणि खेळाडूंनी पलीकडून ऐकायचे, अशी सोय झाली.

पहिल्या दिवशी पलीकडून कुणीतरी बारीक आवाज काढून म्हणाले, "बाई, लाजू नका, आम्ही डोळे मिटलेत."

"तुमचे खेळतानाही मिटलेलेच असतात," बाई म्हणाल्या, "ते मी वरून बघितलंय."

खोलीत हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसला तो कप्तान. पण हसल्याने ऐकू येत नाही. ती खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खाली होती. मध्यंतराला वर हजारो पाय दणदण आपटत. त्यात मी ही अशी जाड. बाई घसा फोडून सांगत आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याची नुसती कुजबुज होई.

एकदा रागावलेल्या एका खेळाडूने घामाने भिजलेला टॉवेल माझ्यावर फेकून मारला. बाईंना उद्देशूनच असावा. माझ्या अंगावर ओला डाग उमटला आणि तो बाईंच्या बाजूनेही दिसू लागला. बाई त्या डागाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाण्याच्या भांड्यात बोट बुडवले आणि माझ्यावर एक रेघ ओढली. रेघ आरपार गेली. त्यांनी बाण काढला, ठिपके काढले. पलीकडचा आवाज बंद झाला. "अरे," कुणीतरी म्हणाले, "ही तर आपली मांडणी आहे."

मित्रांनो, काचेवर बाहेरून लिहिलेले आतून उलटे दिसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. घाईत बाईंच्या ते ध्यानात आले नाही. त्यांनी उजवीकडे काढलेला माणूस पलीकडे डावीकडे दिसला. त्या दिवशी दोन खेळाडू एकाच चेंडूवर धावून एकमेकांवर आपटले. सामन्यानंतर कप्तान माझ्या पलीकडून म्हणाला, "बाई, तुमचा जेवायचा हात कोणता?"

"तोच, ज्यानं तुझा कान पिळेन," बाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खोलीत एकट्या आल्या आणि मावशींना माझ्या पलीकडे बसवले. अलीकडे त्या ओल्या बोटाने रेघा ओढत, आणि पलीकडून मावशी सांगत.

"बाई, तुमचा हा गडी डावीकडे पळाला."

"पळू दे. तिकडेच जायचंय त्याला."

"आणि हा?"

"हा कुठे दिसतोय?"

"हा उजवीकडे. जागचा हलत नाही मेला."

"त्याला तसंच सांगितलंय, मावशी. शिव्या देऊ नका."

अशा कितीतरी दुपारी गेल्या. शेवटी बाईंचा हात आपण होऊन उलटा चालू लागला. त्यांना विचार करावा लागेना. मावशींना त्या हसत सांगायच्या, "घरी कुलूपसुद्धा उलटं फिरवते हो मी. परवा सासूबाई म्हणाल्या, सुनेला आता दारही उघडता येईना." या सासूबाई शेजारणींना सांगत, की आमची सून शाळेत मुलांची कवायत घेते. पुरुषांच्या घामाच्या खोलीत सून जाते हे सांगायचे तरी कसे?

मित्रांनो, ते दिवस मला फार आठवतात. माझ्या अंगावर ओल्या रेघा उमटत आणि सामना संपायच्या आत वाळून जात. खेळाडूंना शंका आली की ते पलीकडून बोट टेकवत. बाई अलीकडून नेमके तिथेच बोट टेकवत आणि रेघ पुढे नेत. दोन बोटांच्या मध्ये फक्त मी. हळूहळू शब्द जवळजवळ बंदच झाले. नुसत्या रेघांवर सगळे कळू लागले. बोटे मोडली की कप्तान काळजीत आहे, गुणगुणणे थांबले की गोलरक्षक लंबू घाबरला आहे, हे बाई न बघता ओळखत. पण मध्यंतराला त्यांचे चेहरे कसे असतात, हे त्यांनी एकदाही पाहिले नव्हते.

संघ जिंकू लागला. जिंकले की लोक म्हणत, पोरांनी जिंकले. हरले की म्हणत, बाईंनी हरवले. फोटोत साहेब मधोमध उभे राहत आणि बाई कडेला. बाईंनी दर हंगामाला साहेबांकडे एकच मागणी केली, की ती कनात काढा, आता तरी काढा. साहेब म्हणत, "चाललंय ना छान? मग?"

पुढे मुख्य प्रशिक्षक बरे होऊन घरीच राहिले, परत आलेच नाहीत. त्यांची जागा पक्की भरायची ठरली. क्लबाच्या मालकांकडे बाहेरच्या पुरुषांची नावे येऊ लागली. त्याच वर्षी संघातले दोन चांगले खेळाडू दुसरीकडे गेले आणि संघ घसरत घसरत अगदी कडेला आला. मालकांनी बाईंना बोलावून सांगितले, शेवटच्या सामन्यात बरोबरी जरी झाली तरी आपण वरच्या गटात राहतो. राहिलो तर जागा तुमची, नाहीतर मला काही करता येणार नाही. ही गोष्ट बाईंनी मावशींना माझ्यासमोरच सांगितली.

सामन्याच्या दिवशी सकाळी साहेब कॅमेरेवाल्यांना घेऊन आत आले. पुरुषांच्या संघाला घडवणारी स्त्री, अशी काहीतरी फिल्म करायची होती. कॅमेरेवाल्याने मला पाहिले आणि विचारले, "हे काय आहे?" साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"काढा ती," साहेब म्हणाले. "बाई पडद्याआडून बोलतात हे दिसलं तर लोक काय म्हणतील?"

याच प्रश्नापायी मला लावले होते, आणि याच प्रश्नापायी काढत होते.

बाई पुढे झाल्या. "साहेब, आजचा दिवस राहू द्या. उद्या काढा, जाळा, काय वाटेल ते करा. आमच्या अंगवळणी पडलंय ते."

"कमाल आहे. इतकी वर्षं काढा काढा म्हणून तुम्हीच भांडत होतात ना?"

साहेबांनी माणसांना खूण केली. मला तारेवरून ओढून घेतले, गुंडाळले आणि कोपऱ्यात उभे केले. माझा एक पितळी डोळा वर राहिला. भिंतीवर नवा कोरा पांढरा फळा लावला आणि बाईंच्या हातात काळे पेन दिले.

मध्यंतरापर्यंत गोल कुणाचाच झाला नव्हता. खेळाडू आत आले आणि अवघडून बाकांवर बसले. कुणी छातीशी टॉवेल धरला. बाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते चेहरे पाहिले. लंबूची हनुवटी थरथरत होती. एकाच्या गुडघ्यावरून रक्त ओघळत होते आणि त्याचे तिकडे लक्ष नव्हते. कप्तानाचे डोळे एखाद्या हरवलेल्या मुलासारखे होते. बाई त्या चेहऱ्यांवरून नजर काढू शकल्या नाहीत. फळ्यावर त्यांचा हात चालत होता आणि त्या खेळाडूंकडे बघत होत्या.

"त्यांचा तो ताज्या दमाचा पोरगा आता उतरणार," बाई म्हणाल्या. "तो इथून येणार. तू आणि तू, इथून हलायचं नाही. ही बाजू मोकळी राहिली तरी चालेल."

मला रेघ दिसली, मित्रांनो. तो पोरगा आमच्या डाव्या बाजूने घुसणार, हे बाईंनी वरून अचूक हेरले होते. पण त्यांचा हात माझ्यावर चालायचा तसा चालला. फळ्यावर बाण उजवीकडे उमटला. आमच्या दोन्ही बचावपटूंना त्यांनी उजवीकडे उभे केले आणि डावी बाजू मोकळी सोडली.

कप्तानाने फळ्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने बोट उचलले, पलीकडून माझ्यावर टेकवायचा तसे. तेवढ्यात कॅमेरेवाला म्हणाला, "कप्तान, जरा इकडे बघा. मान हलवा, समजल्यासारखी."

कप्तानाने मान हलवली. बोट खाली घेतले. घंटा झाली आणि सगळे गेले.

वर काय झाले ते मी पाहिले नाही. मी पाय ऐकले. दणदणाट चालू होता, वाढत होता. मग एकाएकी सगळे पाय थांबले. एवढे हजारो पाय एका क्षणी थांबले की छतातून धूळ पडते, हे मला त्या दिवशी कळले. नंतर पाय एकेक करून जिने उतरू लागले. घरी निघालेल्या माणसांचे पाय होते ते.

खेळाडू आले आणि खाली माना घालून बसले. बाई शेवटी आल्या. त्यांची नजर फळ्याकडे गेली. माझ्यावरची रेघ एव्हाना वाळून गेली असती. त्या फळ्यावरची तशीच होती, काळीभोर. बाईंनी आपला उजवा हात उचलून पाहिला, परत रेघेकडे पाहिले. कप्तान उठला आणि त्याने आपल्या टॉवेलाने फळा पुसून टाकला. पण कॅमेऱ्यात ते आधीच टिपले गेले होते.

"बाईंना डावं-उजवं कळत नाही," साहेब मालकांना दारातच म्हणाले. "आणि आपण संघ दिला होता हातात. पहिल्यापासूनच त्या या कामाच्या नव्हत्या."

कप्तान म्हणाला, "साहेब, ते असं नाही. त्या कनातीवर आम्ही..."

"असू दे रे," बाई म्हणाल्या. "हात माझाच होता."

ती फिल्म लोकांनी खूप पाहिली. पुढे रस्त्यात कुणी चुकीच्या बाजूने वळला, तरी लोक म्हणत, फुटबॉलवाल्या बाईंकडे शिकला वाटतं. बाईंच्या जागी एक पुरुष आला. खालच्या गटात तोही हरला. पण त्याच्या डाव्या-उजव्याबद्दल कुणी काही बोलले नाही.

काही दिवसांनी बाई आपले बूट न्यायला आल्या. मला परत कोठीत टाकले होते आणि मावशी तिथेच कपडे मोजत होत्या.

"सांगायचं ना त्यांना," मावशी म्हणाल्या. "कनातीपायी झालं म्हणून."

"काय सांगू, मावशी? जी काढा म्हणून भांडले, तीच काढली म्हणून हरले? ते आणखी हसतील. आणि उद्या दुसरी कुणी आली तर म्हणतील, बघा, पडद्याआडच बरं होतं."

"मग आता?"

"शाळेत जागा आहे. कवायतीची." बाई जराशा हसल्या. "सासूबाईंना बरं वाटलं. आता शेजारणींशी खोटं बोलायला नको."

जाताना त्यांनी कोठीतल्या नळाखाली बोट धरले आणि माझ्या गुंडाळलेल्या अंगावर एक लहानशी रेघ ओढली. ती वाळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग गेल्या. नंतर मी त्यांना पाहिले नाही. कप्तानाचा पाय पुढच्याच हंगामात मोडला. मावशी आता नाहीत.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी चुन्याच्या गोण्यांवर पसरलेली होते. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. मला वाटले होते, आपले संपले, आणि खरे सांगते, त्याचे मला वाईट वाटत नव्हते. पण गेल्या आठवड्यात कोठीचे दार उघडले. क्लबाने खेळाडूंचे दुखरे स्नायू बघायला एक नवी मुलगी नेमली आहे. साहेब आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच आहे. ते म्हणाले, "आपली ती कनात होती ना? बघा बरं, आहे का. लोक काय म्हणतील." मला झटकले, यंत्रात घालून धुतले, उसवलेल्या जागी ठिगळ लावले. तार अजून भिंतीत होतीच.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी संपवताना म्हणायचे असते, की आम्हाला जपा, आम्ही तुमची सेवा केली आहे. मित्रांनो, माझी विनंती उलटी आहे. मला जपू नका. माझी पायपुसणी करा, मला कापून गोण्या शिवा, चुलीत घाला. आणि कुणाच्या मध्ये मला उभे करायचे कुणी ठरवले, तर त्याच दिवशी नाही म्हणा. नंतर काढून उपयोग नसतो. तोपर्यंत मी माणसाच्या हातात शिरलेली असते. हे मी तुम्हाला सांगते आहे खरे, पण तुम्ही मोठे होईपर्यंत हे कुणाच्या लक्षात राहील, असे मला वाटत नाही.

आत्ता ती नवी मुलगी अलीकडे स्टुलावर बसली आहे. वर पाय आपटत आहेत. ती पलीकडे काहीतरी सांगते आहे आणि कुणाला ऐकू जात नाही. मघाशी कुणीतरी ओला टॉवेल माझ्यावर फेकला. डाग आरपार उमटला आहे. ती त्याच्याकडे टक लावून बघते आहे. शेजारी पाण्याचे भांडे आहे. तिने बोट पाण्यात बुडवले आहे.

मला तोंड असते तर मी तिला एवढेच म्हटले असते, नको गं. हे शिकू नकोस.